सासूबाईंच्या ‘हं’वर शिकलेली स्पॅनिश

५ जानेवारी, सोमवार

नवीन वर्ष सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच साहेबांनी केबिनमध्ये बोलावून बॉम्ब टाकला. ज्या मोठ्या बँकेने आपली बँक विकत घेतली, तिचं मुख्य कार्यालय समुद्रापलीकडे आहे आणि तिथला सगळा कारभार स्पॅनिशमध्ये चालतो. आमचं परदेशी व्यवहारांचं टेबल जूनअखेर बंद. बँकिंगच्या स्पॅनिशची परीक्षा जो पास होईल, त्याला दोन वर्षं तिकडे कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची खुर्ची. जो पास होणार नाही, त्याला तळघरातला रेकॉर्ड विभाग. तिथे खिडकी नाही. उंदीर आहेत असं म्हणतात.

टेबलावर आम्ही दोघंच, मी आणि टाय. टाय म्हणजे माझ्या शेजारी बसणारा तरुण. उन्हाळ्यातसुद्धा टाय लावतो म्हणून हे नाव, त्याला अजून माहीत नाही. तो लगेच म्हणाला, “सर, मी तयार आहे.” साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, तुमच्यावर सक्ती नाही हं. या वयात...” बस. पुढचं मी ऐकलंच नाही. म्हटलं, “माझंही नाव घाला.”

जाणार कोण आहे तिकडे! पण पास व्हायचं, साहेबांपुढे निकाल ठेवायचा आणि मग दिमाखात ‘नाही’ म्हणायचं. तळघरात जायचंच असेल तर मान ताठ ठेवून जाईन.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या टीव्ही बघत होत्या. त्यांनी आवाज बंद केला आणि विचारलं, “दोन वर्षं?” मी म्हटलं, “अहो आई, जायचं नाहीये, नुसती परीक्षा.” त्या “हं” म्हणाल्या आणि पुन्हा आवाज मोठा केला.

७ जानेवारी, बुधवार

पहिला वर्ग. मास्तरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची असती, मला मुलगी असती तर. आल्या आल्या तिने सांगितलं की स्पॅनिशमध्ये प्रत्येक वस्तू बाई तरी असते नाहीतर पुरुष. खातं, म्हणजे कुएन्ता, बाई. शिल्लक, म्हणजे साल्दो, पुरुष. कर्ज पुरुष, गहाण बाई. टायने हात वर केला, “याला काही नियम?” ती हसली, “पाठ करा.” टायचा चेहरा पडला. मला मात्र गंमत वाटली. आपण नाही का म्हणत, ती खुर्ची, तो पंखा, ते टेबल? पंख्याला मिशा बघून का ‘तो’ म्हणतो आपण? उलट स्पॅनिशवाल्यांनी ‘ते’ काढून टाकलंय, तेवढाच ताप कमी.

१८ जानेवारी, रविवार

आठवडाभर काही लिहिलं नाही, कारण डोक्याचा भुगा झाला होता. ‘असणे’ या एका क्रियापदाला दोन क्रियापदं आहेत. माणूस कायमचा कसा आहे ते एकाने सांगायचं आणि आत्ता कसा आहे ते दुसऱ्याने. म्हणजे ‘ग्राहक श्रीमंत आहे’ याला एक आणि ‘ग्राहक चिडलेला आहे’ याला दुसरं. मी म्हटलं, आमच्या काउंटरवर ग्राहक कायमचाच चिडलेला असतो, त्याचं काय? वर्ग हसला. मास्तरीणबाई नाही हसली, तिने फळ्यावर लिहून समजावलं.

मोठ्याने बोलायचा सराव करा म्हणते. कुणाशी करू? घरात माणसं दोनच, त्यातल्या एकीला स्पॅनिशचा गंध नाही.

पण सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, “मी होते की ग्राहक.” त्या तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. फोनवर माणूस कुठल्याही भाषेत ओरडू दे, त्याला काय हवंय ते त्यांना कळायचं म्हणे. त्या मराठीत मागणी करणार, मी स्पॅनिशमध्ये उत्तर देणार आणि प्रत्येक वाक्यानंतर त्या “हं” म्हणणार. मी विचारलं, “आई, तुम्हाला समजत नाही, मग हं कशाचं?” तर म्हणाल्या, “अडखळलीस की चुकलीस. मला तेवढं कळतं.”

आणि खरंच कळतं! आज दोनदा त्यांनी “हं” म्हटलं नाही आणि दोन्ही वेळा माझं चुकलं होतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाईंच्या अंगात नाटक भरपूर आहे, हे सोळा वर्षांत मला कळलं नव्हतं. रविवारी त्या आइस्क्रीम कारखान्याच्या मालकीणबाई होत्या. काल सर्कसवाले. आज तर डोक्यावर शाल घेऊन एक महाखोटारडा व्यापारी झाल्या, ज्याला तीन बँकांनी हाकलून दिलंय. “द्या हो कर्ज, माझ्या पोराबाळांकडे बघा!” मी तारण विचारलं, जामीनदार विचारला, परतफेडीची मुदत विचारली. मुदत संपायच्या तारखेला वेन्सिमिएन्तो म्हणतात, हा शब्द म्हणताना जिभेची घडी होते. सगळं ऐकून त्या शेवटी विचारतात, “मग देताय का?” आणि मी नेमकी तिथे हसून पुस्तक मिटते.

आज त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “दर वेळी शेवटालाच काय पुस्तक मिटतेस? द्यायचं की नाही ते सांग ना.” मी म्हटलं, “आई, ते माझं काम नाही. मी मेकर आहे.”

त्यांना समजावून सांगावं लागलं. बँकेत एकाने नोंद करायची, तो मेकर. दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, तो चेकर. एकाच माणसाच्या हातात दोन्ही द्यायचं नाही, म्हणजे घोटाळे होत नाहीत. मी नोकरीला लागल्यापासून मेकर. बढतीची परीक्षा दोनदा आली होती. एकदा लग्न नवीन होतं. दुसऱ्यांदा यांचे चिरंजीव, म्हणजे माझे यजमान, दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटायला निघून गेले होते, तेव्हा परीक्षा कोण देतंय! तिथून पुढे सवयच झाली. मी करते, कुणीतरी वर बसून बघतो, हो म्हणतो. झोप चांगली लागते.

सासूबाई म्हणाल्या, “हं.” पण ते नेहमीचं ‘हं’ नव्हतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज वर्गात मी टायची बोलती बंद केली! स्पॅनिशमध्ये ‘मी चहा आवडते’ असं म्हणत नाहीत, ‘मला चहा आवडतो’ असंच म्हणतात. टाय इंग्रजी शाळेतला, तो डोकं खाजवत बसला. मला काय, मी जन्मापासून असंच बोलते. मग मास्तरीणबाईने सांगितलं, ‘मी विसरले’ याऐवजी ते म्हणतात ‘मला विसर पडला’. म्हणजे दोष आपला नाही, विसर आपणहून येऊन पडला. काय सोयीची भाषा आहे! कर्ज बुडवणारे सगळे असंच बोलतात. मास्तरीणबाई म्हणाली, “मॅडम, तुमचं छान जमतंय.” घरी येईपर्यंत मी जमिनीवर नव्हते.

घरी आले तर सासूबाई स्टुलावर चढून बल्ब बदलत होत्या. खाली उतरवलं, ओरडले. त्या शांतपणे म्हणाल्या, “बघत होते येतं का.” आलं म्हणे. या वयात काय हे थेर!

६ मार्च, शुक्रवार

सासूबाईंनी नवा कुकर आणला. एवढासा, खेळण्यातल्यासारखा. मी विचारलं, “यात दोघींचं कसं होणार?” तर म्हणतात, “एकीचं होतं.” “कुठल्या एकीचं?” “तू उशिरा आलीस की माझी मी लावते.” अहो पण मी उशिरा कधी येते? वर्ग असतो तेव्हा सुद्धा आम्ही एकत्रच जेवतो.

मागच्या आठवड्यात गॅस सिलेंडर फोनवरून कसा नोंदवायचा ते शिकल्या. त्याआधी एटीएम. मला घेऊन गेल्या, तीनदा कार्ड घालायला लावलं, चौथ्यांदा स्वतः घातलं आणि पैसे आल्यावर मशीनला “थँक यू” म्हणाल्या. रांगेतले सगळे हसले. मला कौतुक वाटलं, पण थोडं लागलंसुद्धा. माझ्या हातचं काही नकोच आहे का आता?

२२ मार्च, रविवार

आज मात्र डोकंच फिरलं. खालच्या मजल्यावर एक नर्स राहते, एकटी. तिच्याशी सासूबाईंची हल्ली गट्टी आहे. तिची ड्यूटी संपली की ती वर येते, दोघी चहा घेतात. त्यात काही नाही. पण आज कळलं की सासूबाईंनी तिला आपल्या घराची किल्ली दिली आहे. परक्या बाईला किल्ली! मला न विचारता!

“असू दे गं, कधी काही लागलं तर.”

“मी आहे ना इथे!”

“आहेस की,” त्या म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या.

यांचं काय चाललंय ते आता मला कळलंय. चिरंजीवांशी समेट झालेला दिसतोय. हल्ली दुपारचे फोन येतात, सुट्टीच्या दिवशी मी आत आले की त्या ठेवतात. लेक शेवटी लेकच असतो. त्यांना त्याच्याकडे जायचं असणार, म्हणून ही सगळी तयारी. बारा वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा सगळे नातेवाईक म्हणाले होते, सासूबाई मुलाकडे जातील. त्या गेल्या नाहीत. मी कधी विचारलं नाही का ते. विचारलं तर जातील अशी भीती वाटायची. आता जातील. जाऊ देत.

रात्री सराव केला नाही. त्या दारात येऊन विचारून गेल्या, “आज कर्ज नाही वाटायचं?” मी म्हटलं, “बँक बंद आहे.”

११ एप्रिल, शनिवार

अबोला तीन दिवस टिकला. माझ्याच्याने जास्त होत नाही.

स्पॅनिशमध्ये आता अवघड भाग आलाय. आशा, शंका, विनंती, इच्छा यांच्यापुढचं क्रियापद रूप बदलतं. ‘ग्राहक पैसे भरतो’ हे वेगळं आणि ‘ग्राहकाने पैसे भरावेत अशी आशा आहे’ हे वेगळं. एस्पेरो के पागे. टायचे डोळे पांढरे झाले. मी त्याला मधल्या सुट्टीत समजावलं, “अरे, आपलं ‘भरावेत’ आहे ना, ‘यावं’, ‘जावं’, ‘करावं’, तेच हे.” तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही नसता तर मी तळघरात गेलोच होतो.” पोरगा वाईट नाही. त्याच्या बायकोला दिवस गेलेत आणि तिला तिकडे जायचं नाहीये, हेही त्याने सांगितलं. म्हणजे तो पास झाला तरी पंचाईत.

वहीत मी सरावासाठी दहा आशा लिहिल्या. ‘व्याजदर कमी व्हावा.’ ‘साहेबांची बदली व्हावी.’ आणि सहावी की सातवी लिहून गेले, ‘मी जावं.’ लिहून झाल्यावर बघतच बसले.

लिहून टाकते इथेच. मला जायचंय. ती खुर्ची मला हवी आहे. मला बघायचंय, समोर माणूस बसलाय, मी ऐकतेय आणि शेवटी मी सांगतेय, हो किंवा नाही. पण सासूबाईंना टाकून कसं जाणार? आणि त्याच जर मला टाकून जाणार असतील, तर मी इथे कुणासाठी थांबायचं? एकूण काय, डोक्याला ताप.

३० एप्रिल, गुरुवार

लेखी परीक्षा झाली. छान गेली. ‘थकीत कर्ज’ला शब्द आठवेना, पण मी तो प्रश्न फिरवून फिरवून लिहिला. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर तेवढं येतंच.

तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात, व्हिडिओवर. समोर तिकडचे एक परीक्षक ग्राहक होऊन बसणार. सासूबाई सध्या दिवसाला तीन तीन कर्जं मागतायत. जिन्यावर, स्वयंपाकघरात, काल तर न्हाणीघराच्या दाराबाहेर उभ्या राहून मासेमारीच्या बोटीसाठी. मी आतून साबणाच्या तोंडाने व्याजदर सांगितला. बाहेरून “हं”.

१२ मे, मंगळवार

नापास.

आज काही लिहवत नाही.

१३ मे, बुधवार

लिहितेच. मनात ठेवून उपयोग नाही.

परीक्षक म्हणजे पांढऱ्या दाढीचे, गोड चेहऱ्याचे आजोबा. त्यांना फर्निचरचा कारखाना वाढवायला कर्ज हवं होतं. मी म्हटलं, बसा, काय सेवा करू? सगळं फाडफाड विचारलं. पण एक गोष्ट झाली. प्रत्येक वाक्यानंतर मी थांबत होते. ‘हं’ येईना! समोरून नुसता शांत चेहरा. मला वाटे चुकलं, मग मी तेच वाक्य पुन्हा, जरा वेगळं करून. आजोबांना वाटलं असेल की ही बाई त्यांना बहिरा समजते.

तरी तेही निभावलं. शेवटी ते म्हणाले, “मग, देताय ना मला कर्ज?” त्यांच्या हिशेबात सरळसरळ खोट होती, उधारी मिळकतीपेक्षा जास्त. मला पहिल्या मिनिटाला दिसली होती. आणि मी काय म्हणाले? तेंगो के कोन्सुल्तारलो कोन मी खेफे. साहेबांना विचारून सांगते. ते म्हणाले, “पण इथे तुम्हीच साहेब आहात.” मी म्हटलं, “हो, तरी विचारून सांगते.” त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा, अगदी अचूक व्याकरणात, मंजुळ आवाजात तेच सांगितलं!

शेऱ्यात लिहिलंय: भाषा उत्तम, निर्णय नाही. नापास. टाय काठावर पास. तोंडीला तीन आठवड्यांनी आणखी एक संधी देतात म्हणे.

सासूबाईंना सांगताना वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, “माझी चूक आहे. मी तुला ‘हं’ची सवय लावली.”

“तुमची कशी चूक? मी आधीपासूनच अशी आहे.”

“तेही खरंच,” म्हणाल्या. चेहऱ्यावर मारल्यासारखं झालं, पण खोटं काय बोलल्या?

२४ मे, रविवार

सराव पुन्हा सुरू. या वेळी नवा कायदा, सासूबाईंचा. त्या मागणी करतात आणि नंतर चिडीचूप. ‘हं’ नाही, मान हलवणं नाही, डोळे खिडकीबाहेर. पहिल्या दिवशी मला रडूच आलं. भिंतीशी बोलतेय असं वाटतं. आणि शेवटी त्या विचारतात, “देताय का?” मी उत्तर दिल्याशिवाय जेवायला वाढत नाहीत. खरंच वाढत नाहीत! शुक्रवारी भात गार होईपर्यंत बसलो होतो आम्ही दोघी, मी सर्कशीला नाही म्हणावं म्हणून.

काल पहिल्यांदा म्हणाले, “नो पुएदो कोन्सेदेरले एस्ते प्रेस्तामो.” हे कर्ज मला देता येणार नाही. कारणंही दिली. त्यांना एक अक्षर समजलं नसणार, पण उठल्या आणि पानं घेतली.

२ जून, मंगळवार

झाली. आजोबा तेच. या वेळी मासे टिकवण्याचा कारखाना. ते गप्प बसले, मीही घाबरले नाही. शेवटी त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, “देते. पण अर्धं. आणि यंत्रं तारण ठेवायची.” त्यांनी भांडण काढलं. मी ऐकलं आणि पुन्हा तेच सांगितलं. ते हसले. बाहेर आल्यावर मनातून असं मोकळं वाटत होतं की टायला चहा पाजला, बिस्किटासकट.

१७ जून, बुधवार

पास! साहेबांनी सगळ्यांसमोर पेढ्यासारखं तोंड करून हात मिळवला. ‘या वयात’ म्हणणारं हेच तोंड. टायने माघार घेतली आहे, बायकोचं बाळंतपण म्हणून. त्याला इथेच दुसरं टेबल मिळालं. म्हणजे खुर्ची माझी, मी हो म्हटलं तर. परवापर्यंत कळवायचंय.

मी ठरवलेलं वाक्य तयारच होतं, दिमाखात ‘नाही’ म्हणायचं. तोंड उघडलं आणि म्हटलं, “परवा सांगते.”

घरी निकाल सांगितला. सासूबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. मग मी विचारलंच, महिनोन्महिने पोटात होतं ते. “आई, तुम्ही त्यांच्याकडे राहायला जाणार आहात का?”

“कुणाकडे?”

“तुमच्या मुलाकडे. फोन येतात दुपारचे.”

त्या मग हसायलाच लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “अगं, ते फोन नर्सचे! दुपारी तिची सुट्टी असते, मला व्हिडिओवर बोलायला शिकवते. तू तिकडे असताना मला तुझं तोंड दिसायला नको?”

कुकर. किल्ली. बल्ब. गॅस. एटीएम. मी मठ्ठासारखी उभी. साधी बेरीज मला सहा महिने जमली नव्हती, आणि म्हणे कर्जाचे हिशेब तपासणार!

“तुम्हाला केव्हापासून माहीत होतं मी जाणार म्हणून?”

“तू जाणार नाही म्हणालीस ना, तेव्हापासून.”

१८ जून, गुरुवार

रजा टाकून दिवसभर त्यांच्या मागे मागे. मी जाऊ का आई? गुडघ्यांचं काय? हिवाळ्यात दमा उसळला तर? रात्री-बेरात्री काही झालं तर? त्यांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं: नर्स, औषधं, डॉक्टरचा नंबर, खालचा वॉचमन. पण ‘जाऊ का’चं उत्तर दिलं नाही. शेवटी मी वैतागून म्हटलं, “हो म्हणा नाहीतर नाही म्हणा!”

“दोन्ही म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “मी हो म्हटलं आणि तिकडे तुला त्रास झाला तर माझ्यामुळे. नाही म्हटलं आणि इथे कुजलीस तरी माझ्यामुळे. तुझं तू सांग. मला झोप येतेय.” आणि खरंच झोपल्या, घोरल्यासुद्धा!

इतका राग आला. मग राग गेला. मग नुसती जागी राहिले.

१९ जून, शुक्रवार

सकाळी बँकेत गेले, बाकावर बॅग ठेवली आणि साहेबांच्या दारावर टकटक करून म्हणाले, “मी जातेय.” ते म्हणाले, “घरी विचारलंत ना?” म्हटलं, “नाही. सांगणार आहे.”

संध्याकाळी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “बरं केलंस.” मग तिकडच्या थंडीबद्दल बोलल्या, स्वेटरबद्दल, माझ्या बॅगेचं चाक मोडलंय त्याबद्दल. मी हो हो करत होते. जेवताना त्यांनी दुसरा घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

“एकदाच सांगते, पुन्हा नाही सांगणार,” म्हणाल्या. “मला नाही करमणार तुझ्याशिवाय. अजिबात नाही करमणार.”

आणि रडायला लागल्या. सोळा वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी उठून जवळ गेले. म्हटलं, “आई, तुमचे चिरंजीव घर सोडून गेले तेव्हासुद्धा तुम्ही रडला नव्हता.”

“तेव्हा कशाला रडू?” त्या म्हणाल्या. “तेव्हा तू होतीस ना घरात.”

मग आम्ही दोघी रडलो, भरपूर. जेवण गार झालं. मी ते गरम केलं आणि आम्ही जेवलो.